पुण्याहून आलेली बाई

नीलिमाला खोटं बोलायची सवय नव्हती. निदान तिचं स्वतःबद्दल तसं मत होतं, आणि स्वतःबद्दल बरं मत ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही.

ते २००९ साल, ऑगस्ट महिना. स्वाइन फ्लूनं पुण्यात माणसं गेली आणि इकडे मीरा रोडला दुकानांतला कापूर संपला. जो तो रुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत फिरत होता. नीलिमाची सहा वर्षांची अनुष्का आधीच दम्याची पोर. तिच्या काळजीपोटी नीलिमा तोंडाला मास्क, त्यावर ओढणी आणि पर्समध्ये डेटॉलची बाटली अशा सरंजामानिशी भाजी आणायला निघायची. टीव्हीवर सांगायचे, गर्दीत हातभर अंतर ठेवा. मीरा रोडला ते हातभर अंतर आणायचं कुठून, हे मात्र कुणी सांगत नसे.

ते तिला बँकेच्या रांगेत सापडलं, तेही अवचित. मागच्या बाईनं विचारलं, "भाभी, थैली अच्छी है, किधर से ली?"

"पूना से," नीलिमा म्हणाली. पिशवी खरंच पुण्याच्या एका साडीच्या दुकानातली होती, दोन वर्षांपूर्वीची. पण मागची बाई चार पावलं मागं सरली, पुढचा माणूसही बाजूला झाला, आणि नीलिमा पाच मिनिटांत खिडकीपाशी पोचली.

माकडाच्या हाती कोलीत मिळालं.

सोमवारी स्टेशनाबाहेर ती शेअर रिक्षात बसली. आत आधीच दोघे होते, त्यातला एक सारखा नाक ओढत होता. नीलिमानं पोटातून खोकला काढला आणि म्हणाली, "क्या करूँ, कल ही पूना से आयी, खाँसी रुकतीच नहीं." दोघे टुणकन उतरले. रिक्षावाल्यानं आरशात एकदा पाहिलं, गळ्यातला रुमाल नाकावर ओढला आणि तिला बिल्डिंगच्या फाटकाशी सोडलं. तिनं तिन्ही सीटचं भाडं दिलं, त्यामुळे मनाला टोचणीसुद्धा लागली नाही. संध्याकाळी चहा पिताना तिनं नवऱ्याला, परागला, हे सगळं रंगवून सांगितलं. "काय डोकं आहे तुझं!" म्हणत तो पोट धरून हसला. तिलाही आपण फार हुशार आहोत असं वाटलं.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास ती गिरणीतून दळण घेऊन बाहेर पडली. गणपती तोंडावर आले होते, मोदकांच्या पिठीनं डबा जड झाला होता. समोर एक रिक्षा रिकामी उभी होती. रिक्षावाला मात्र लांब, भिंतीपाशी उभा. तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं.

"डबा ठेवा बाई, घरी पोचवतो," तो म्हणाला. "पण तुम्ही बसू नका. दुसऱ्या रिक्षानं या."

"का हो?" नीलिमानं डबा सीटवर ठेवला.

"सोमवारी पुण्याची एक पॅसेंजर बसली होती. लई खोकत होती. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, सात दिवस माणसांपासून लांब राहा. रिक्षा तीनदा फिनेलनं धुतली, पण मन घेत न्हाय. म्हणून नुसतं सामान नेतोय."

नीलिमाची नजर पुढच्या काचेकडे गेली. काचेवर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'संचिता'. सोमवारी ऐसपैस बसल्या बसल्या तिनं हेच नाव उलटं वाचलं होतं. रिक्षावाल्याचा चेहरा मात्र तिनं पाहिलाच नव्हता.

"मग तुम्ही राहता कुठे?" तिनं विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"घर पेणकरपाड्यात. पण लेक बाळंत झालीय, ही संचिता," त्यानं काचेकडे बोट केलं. "एवढंसं पोर घरात. ती बाई खोकली तेव्हापासून मी उंबरा ओलांडला न्हाय. ओळखीच्या गॅरेजमध्ये पडतो, बायको डबा लांब ठेवून जाते. आज पाच वाजता बारसं. पहिलीच नात. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून ऐकीन, काय नाव ठेवतात ते."

नीलिमाचे कान तापले. तोंडावर मास्क, वर ओढणी. गप्प राहिली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. आणि सांगू काय, आधी तिनं तोच विचार केला.

"पाच दिवस झाले की," ती म्हणाली. "आता काही होत नाही. जा तुम्ही."

"आणि झालं तर?"

घरी अनुष्का होती. हाच प्रश्न विचारत ती स्वतः महिनाभर हिंडत होती.

"ती बाई मीच होते," नीलिमा म्हणाली. "मी पुण्याला गेलेच नव्हते. गर्दी नको म्हणून खोटं बोलले."

रिक्षावाल्याच्या डोळ्यांत हसू आलं. "बाई, तुमचं मन मोठं. माझ्यापायी स्वतःवर आळ घेताय. पण असलं खोटं कोण बोलंल?"

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खोटं एका खोकल्यात पटलं होतं, आणि खरं सांगितलं तर तो तिचे आभार मानत होता. घड्याळात सव्वाचार वाजले होते. गिरणी धडधडत होती, ओटीवर दळणाच्या रांगेत तिच्याच बिल्डिंगमधल्या दोघीतिघी उभ्या होत्या. नीलिमानं ओढणी सोडली, मास्क खाली ओढला, पोटातून तस्साच खोकला काढला आणि गिरणीच्या धडधडीवर आवाज चढवून म्हणाली, "क्या करूँ, कल ही पूना से आयी, खाँसी रुकतीच नहीं!"

त्याच्या डोळ्यांतलं हसू गेलं. आवाज त्यानं ओळखला होता.

"शेवटचं पुण्याला कधी गेला होता?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी."

"घरात कोण आजारी?"

"कुणी नाही. शपथ."

त्याला रागवायचं असेल, पण आधी त्यानं नातीपुरतं विचारून घेतलं. मग तोंडावरचं फडकं सोडलं. पाच दिवसांची पांढरी दाढी वाढली होती.

"मी येते तुमच्या घरी," नीलिमा घाईघाईनं म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगते. माझी चूक आहे, काय नावं ठेवायची ती मला ठेवू देत."

"नको बाई." त्यानं रिक्षातून तिचा डबा उचलला आणि पीठ सांडू न देता हलकेच पायरीवर ठेवला. "आज आमच्याकडे नाव ठेवायचा दिवस हाय. नावं ठेवायचा न्हाय."

रिक्षा पेणकरपाड्याच्या रस्त्याला लागली.

नीलिमा वळली. ओटीवरच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. ती डबा उचलायला पायरीपाशी गेली, तशा त्या एक एक करून मागं सरकल्या. तिच्याभोवती हातभर जागा मोकळी झाली. त्या जड डब्याचं ओझं तिनं या हातातून त्या हातात घेतलं आणि पायीच घरी निघाली. वाटेत दोन रिक्षा थांबल्या, पण बसायचा तिला धीर झाला नाही.