डोंगरापल्याडची बाई

बाळासोंची सून वर्षाराणी आणि गावच्या अकरा बायका ओढ्याकाठी भात कापायला गेल्या होत्या. बाळासो घरी उंबऱ्यात वॉकी-टॉकी मांडीवर घेऊन बसले होते. आजऱ्याच्या त्या हत्तीच्या भागात फोनला रेंज नाही, म्हणून गावाने दोन वॉकी घेतलेल्या; एक बाळासोंकडे, एक शिवारात जाणाऱ्यांकडे. नियम एकच होता. बाळासोंचा शब्द आल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. गेल्या साली कुणीतरी ‘हत्ती आला’ म्हणून खोटी हाळी दिली होती. गाव माळावर पळालं आणि इकडे ओढ्यावरच्या पाण्याच्या दोन मोटारी चोरीला गेल्या.

दुपारी वॉकी खरखरली.

“ओढ्याच्या अंगाला कोण हाय काय? हत्ती खिंडीतनं तुमच्याकडं उतरलाय. बायामाणसं वर घ्या!”

आवाज बाईचा होता, पण ओळखीचा नव्हता. गावातलं माणूस बाळासोंना वॉकीवर नुसत्या खोकल्यावरून कळायचं.

मौलाली अंगणातच होता. आधी कागलच्या एमआयडीसीत वायरमन, आता आजऱ्यात त्याचं दुकान. गेल्या आठवड्यात डोंगरावरच्या रिपीटरचं काम त्यानेच केलं होतं, आज बॅटऱ्या बघायला आला होता.

“ही कोण रं?” बाळासोंनी विचारलं.

“डोंगरापल्याडची आसंल, आबा. आपला रिपीटर तिकडच्या रिपीटरला जोडलाय की. तिकडची पेटी आवाज उचलती, आपल्या पेटीकडं फेकती, आन् आपली तुमाला ऐकवती.”

“मधी एवढा डोंगर. आन् ही तर परसात बसल्यागत बोलती.”

“म्हणून तर जोडलाय.”

“व्हय, आन् ओढ्यावर खळ्यात भाताची रास पडलीया. बायका पळाल्या की रान कुणाला मोकळं?” बाळासोंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. “तुज्या वळखीची हाय काय?”

मौलालीचा चेहरा उतरला. “माजी झडती मागनं घ्या, आबा. आदी शब्द द्या.”

बाळासोंनी बटण दाबलं, पण शब्द दिला नाही. “बाई, नाव सांग.”

“अंबूबाई. पावणं, हत्ती चाललाय आन् तुमी नाव काय इचारताय?”

“कसला हत्ती?”

“काळा! आन् कसला असतोय?”

“दात कसं हाईत?”

“डावा आखूड, टोक फुटलेला. उजव्या कानाला बोटभर भोक. सकाळी माजी केळी खाल्ली त्यानं, मी दाराच्या फटीतनं बघत हुते.”

फुटक्या दाताचं साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. कानातलं भोक मात्र हाताच्या अंतरावरून बघितल्याशिवाय दिसत नव्हतं. बाळासोंनी ते एकदा, गोठ्यात दडून, बघितलं होतं. त्यांनी बटण दाबलं.

“वर्षाराणी! हत्ती येतोय! विळं टाका, रस्त्याला लागा!”

नुसती खरखर. ओढ्याकडे बांबू मोडल्याचा कडाका झाला. मौलालीने डोळे मिटून घेतले.

“वर्षाराणी! आगं बोल की!”

“मामा, आमी रस्त्यावर हाय. समद्या.” तिला धाप लागली होती.

“एवढ्यात?”

“तुमी दात इचारत हुता तवाच निघालो.”

“माज्या शब्दाबिगर?”

“व्हय. तुमाला सांगितलं असतं तर थांबा म्हणाला असता.”

बाळासोंचा अंगठा बटणावरून निघाला. लगेच पलीकडून अंबूबाईचा आवाज आला, “पावणं, बायका निघाल्या का?”

बाळासोंनी वॉकी मौलालीच्या हातात दिली.

“तिला तूच सांग,” ते म्हणाले, “मला तोंड न्हाय.”