सुताराने लावलेले वाळुंज

माझी नणंद मधमाश्या पाळते, आणि माझा पारा खाली आणणं जगात तिला एकटीलाच जमतं. त्यामुळे तिने पेट्या उचलून दुसरीकडे जायचं काढलं, तेव्हा मी तिची वाटच अडवली.

थंडी सरताना आमच्या भागात काहीच फुलत नाही. त्या वर्षी उपासमारीने तिच्या सात पेट्या रिकाम्या झाल्या होत्या. माझी रोपवाटिका आहे, म्हणून मी म्हटलं, "ओढ्याकाठी वाळुंज लावते. इथलंच झाड, सगळ्यांच्या आधी फुलतं. तीन वर्षं दे मला."

"तीनच हं, वहिनी."

वाळुंजाची फांदी ओल्या मातीत खोचली की मुळं धरते. यात नर आणि मादी झाडं वेगळी; नराला पराग भरपूर, म्हणून त्याच्याच चाळीस फांद्या कापल्या. टोकं करायला दीराकडे दिल्या, कारण तो सुतार. तेवढ्यात माझी पाठ धरली. लावायचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं.

तीन आठवड्यांनी ओढ्यावर गेले आणि कपाळाला हात लावला. सगळ्या फांद्यांची जाड बाजू वर, बारीक बाजू मातीत.

"भाऊजी, हे काय केलंत?"

"खुंटी अशीच ठोकतात, वहिनी. बारीक टोक आत, हातोडी जाड डोक्यावर."

"खुंट्या नाहीत हो त्या, झाडं आहेत! शीर्षासन करायला लावलंत त्यांना!"

एक उपटून पाहिली तर खाली पांढरी मुळं. मग बाकीच्या उपटायचा धीर होईना.

कोंब आधी खाली वळले, मग वर. झाडं झाली ती बुटकी, वाकडी, पाण्यावर ओणवलेली. दोन वर्षं मी दीराला धारेवर धरलं. दरम्यान खंड्याने एका वाकड्या फांदीवर बसून मासे मारायला सुरुवात केली, पाण्यात उतरलेल्या मुळांत माशांची पिल्लं लपू लागली, पानांवरच्या अळ्यांसाठी चिमुकले पक्षी येऊ लागले. सगळे खूश. मी सोडून. कारण फूल एकही नव्हतं.

तिसऱ्या वर्षी थंडी सरत आली. काठावरून पाहिलं तर फांद्या कोऱ्याच. नणंदेने शनिवारचा टेम्पो ठरवला. मी दिवसभर भांडी आदळली.

शुक्रवारी दुपारी डोकं शांत करायला ओढ्यावर गेले, तर पाण्याच्या बाजूने गुणगुण ऐकू आली. चपला काढून पाण्यात उतरले. ओणवलेल्या फांद्यांच्या पोटाखाली पिवळे तुरेच तुरे, आणि त्यांच्यावर माश्यांची ही झुंबड! मी जिवाच्या आकांताने तिला हाक मारली.

ती धावत आली, सरळ पाण्यात शिरली आणि फांद्यांत डोकं घालून बघत राहिली.

"सकाळपासून माझ्या माश्या पिवळ्या पायांनी घरी येतायत," ती म्हणाली. "कळेना, कुठे जाऊन येतायत."

तिथूनच तिने टेम्पोवाल्याला फोन लावला. "उद्या येऊ नका, दादा."

"मग कधी येऊ, ताई?"

"मध काढला की या. बाजारात न्यायला."

मी गुडघाभर पाण्यात उभी राहून चक्क रडले. तिनेही मला रडू दिलं.