साडेतीनचा माईक

“पहिल्या पत्रात आवाज चढवू नकोस,” पॅरास्का म्हणाली. “तिथे ते विनंती करताहेत.”

“मी चढवला नाही, आई.”

“चढवलास. ‘कृपया’वर. तुझे बाबा ‘कृपया’ म्हणताना खाली बघायचे. तसं वाच.”

आयरीनने पत्र टेबलावर ठेवलं आणि घड्याळ पाहिलं. तिन्ही पत्रं वाचायला चार मिनिटं लागत होती. टेबलभर नकाशा पसरलेला होता. त्याचा एक कोपरा साखरेच्या भांड्याखाली होता, दुसऱ्यावर शेतकऱ्यांच्या साप्ताहिकातलं कात्रण. कात्रणात एक पांढऱ्याशुभ्र केसांचा म्हातारा हसत होता. गार्डर होल्म यांचा ऐंशीवा वाढदिवस. सँडविक, विनिपेग सरोवर. शनिवारी दोन ते चार, कधीही या, चहा घ्या. साडेतीनला माईकवर मित्रांच्या आठवणी. भेटवस्तू नकोत.

“भेटवस्तू नकोत म्हणे,” पॅरास्का म्हणाली. “आपण नेतोय ती त्यात धरायची का?”

असल्या चहाला आमंत्रण लागत नाही. ज्याची ओळख आहे तो जातो, केक खातो, दोन शब्द बोलतो. ओळख तर होतीच. होल्म हा धान्यकंपनीचा विभागीय साहेब होता आणि नेस्टर प्रोकोप, आयरीनचे बाबा, सास्काचेवान प्रांतातल्या बेल्टन गावच्या धान्यकोठाराचे एजंट. तेवीस वर्षं त्यांनी गाड्या वजनकाट्यावर घेतल्या, गहू दातांखाली फोडून त्याची प्रत सांगितली. चौऱ्याहत्तरच्या सुगीत ते लाकडी कोठार जळालं. दोन दिवस जळत होतं. साहेबाने अहवालात लिहिलं : एजंटची सिगारेट.

नेस्टरनी जन्मात सिगारेट ओढली नव्हती. ते सूर्यफुलाच्या बिया चावायचे. खिसे नेहमी फुगलेले. हे अख्ख्या गावाला माहीत होतं आणि तरी गावाने साहेबाचं खरं मानलं. कारण कोठार पुन्हा बांधलं गेलं नाही, गहू चाळीस मैल न्यावा लागू लागला, आणि कुणावर तरी राग काढायला हवा होता. आयरीन तेव्हा सतरा वर्षांची होती. त्या हिवाळ्यापासून बाबा गावच्या स्केटिंगच्या रिंकवर बर्फ सपाट करायचं काम करू लागले आणि सकाळच्या कॉफीला हॉटेलात जायचे बंद झाले. ते कधी काही बोलले नाहीत. मार्चमध्ये गेले तेव्हाही नाही. साहेबाला लिहिलेल्या तीन पत्रांच्या कार्बन कॉप्या त्यांच्या बर्फावर कर्लिंग खेळायच्या बुटांच्या खोक्यात सापडल्या, बुटांच्या खाली.

“पहिल्या दिवशी मूसोमिन,” आयरीनने नकाशावर बोट फिरवलं. “मावशीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी साडेनऊला निघायचं. पाच तास गाडी, पाऊण तास जेवण. सव्वातीनला सँडविक.”

“सव्वातीनच. आधी नाही.”

“दोनला पोचलो तर जागा तरी मिळेल.”

“दोनला पोचलो तर चहा प्यावा लागेल. त्याचा चहा मी पिणार नाही. आत जायचं, तू माईक घ्यायचा, वाचायचं, बाहेर पडायचं. मग सरोवर बघू. पन्नास वर्षं तुझे बाबा म्हणत होते, सुगी आटपली की जाऊ.”

दार वाजलं आणि शेजारचा एड टेव्ज आत आला. त्याच्या हातात टायरची हवा मोजायची नळी होती. सत्तरीचा एड कुणाचीही गाडी लांब निघाली की न सांगता तपासायला येई.

“दोघीजणी नऊशे किलोमीटर?” तो म्हणाला. “आणि कशासाठी? पाण्यासाठी! पाणी नळाला येतं.”

“तुझ्या डोक्याला येतं,” पॅरास्का म्हणाली. “बस. सूप घे.”

“नेस्टरला जाऊन चार महिने नाही झाले, पॅरास्का. लोक म्हणतील, म्हातारी सहलीला निघाली.”

“लोक काय काय म्हणतात ते मला तू सांगतोस, एड?”

त्या हिवाळ्यात हॉटेलात ‘सिगारेट’ हा शब्द सगळ्यांत मोठ्याने म्हणणारा एडच होता, हे तिघांनाही ठाऊक होतं. पॅरास्काने सूप त्याच्यापुढे ठेवलं आणि वाडग्याशेजारी तिसरं पत्र. आयरीनला वाटलं, आईला अडवावं. तिने अडवलं नाही. गेले चार महिने तिच्या छातीत जे घट्ट होऊन बसलं होतं, ते एडचा चेहरा बघून जरा सैल झालं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

एडने चष्मा लावला. वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सूप तसंच राहिलं. मग तो उठून बाहेर गेला, आणि बऱ्याच वेळाने दारातूनच म्हणाला, “मागचं उजवं चाक मऊ होतं. हवा भरलीय. तेलही घातलंय.”

“बरं,” पॅरास्का म्हणाली.

“आणखी काही लागलं तर सांगा.”

“एकाला तर वाचायला लावलं,” तो गेल्यावर ती म्हणाली. “पुन्हा म्हण. ‘कृपया’पासून.”

मूसोमिनच्या मावशीला त्यांनी फक्त सरोवर सांगितलं. चहाचं सांगितलं असतं तर तीही टोपी घालून निघाली असती. शनिवारी बरोबर साडेनऊला त्या निघाल्या. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांच्या कनोलाची आणि निळसर अळशीची शेतं. समोरून येणारा प्रत्येक ट्रकवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून नमस्कार करी आणि पॅरास्का मांडीवरची पर्स न सोडता मान हलवी. पोर्टेजजवळ बाकावर बसून त्यांनी अंड्याची सँडविचेस खाल्ली. पर्समध्ये पत्रं होती आणि त्यांच्या झेरॉक्सही.

“भीती वाटतेय?” तिने विचारलं.

“नाही. तुला?”

“मला भूक लागलीय. सत्तावीस वर्षांची.”

सँडविकच्या सभागृहासमोर आयरीनने गाडी थांबवली तेव्हा तिच्या मनगटावर सव्वातीनला तीन मिनिटं कमी होती. समोर दोनच गाड्या होत्या. आत टेबलांवरचे कागद गुंडाळलेले, खुर्च्या अर्ध्या रचलेल्या. माईकची वायर वेटोळं करून स्टेजच्या कडेला ठेवली होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार वाजत आले होते.

आयरीन घड्याळाकडे बघत राहिली. मग तिला समजलं. घरी, सास्काचेवानमध्ये, घड्याळाचा काटा वर्षभर कुणी हलवत नाही. इथे मॅनिटोबात उन्हाळ्यात तासाने पुढे करतात. बेल्टनची माणसं सदा पश्चिमेला, अल्बर्टाकडे जातात, आणि तिकडे उन्हाळ्यात वेळ तीच असते. चार मिनिटांचं वाचन तिने सेकंदावर बसवलं होतं आणि अख्खा एक तास विसरली होती.

“आई, आपण चुकलो. इथे चार वाजून गेले. सगळे गेले.”

“आपलं घड्याळ बरोबर आहे,” पॅरास्का म्हणाली. “यांचंच पुढे पळतंय.” पण तिचा हात पर्सवर घट्ट झाला होता.

स्टेजपाशी एक उंच म्हातारा खुर्चीच्या पाठीला बांधलेल्या फुग्याची गाठ सोडवत होता. त्यांना पाहून तो हसला. “उशीर झाला तुम्हाला! सूनबाई, केक राहिलाय का बघ.”

“केक नको,” पॅरास्का म्हणाली. “मी नेस्टर प्रोकोपची बायको. बेल्टनची.”

होल्मच्या हातातून फुगा निसटून छताला लागला.

“नेस्टर,” तो म्हणाला. “कसा आहे?”

“गेले. मार्चमध्ये.”

“चांगला माणूस होता.”

“हे तेव्हा कागदावर लिहायचं होतंत.” तिने पर्स उघडली. “बसा, साहेब. ही वाचा. मोठ्याने.”

आयरीनने हात पुढे केला. “आई, मी वाचते.”

“तू माणसांसाठी वाचणार होतीस. माणसं नाहीत. आता हे वाचतील.”

होल्मने वरचा कागद पाहिला आणि तो ओळखला. ते त्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसलं. “आता याचा काय उपयोग, मिसेस प्रोकोप? वरून विचारणा झाली होती. कुणाचं तरी नाव द्यावं लागायचं.”

“मग तुमचं द्यायचं. वाचा. सैपाकघराची खिडकी उघडी आहे, तिथवर ऐकू गेलं पाहिजे.”

त्याने वाचलं. पहिल्या पत्रात नेस्टर वरच्या मजल्यावरच्या, धान्य उचलणाऱ्या यंत्राचं बेअरिंग बदलून मागत होते, कृपया. दुसऱ्यात पुन्हा. तिसऱ्याला त्याचा आवाज घोगरा झाला. “बेअरिंग इतकं तापतं की हात ठेववत नाही. दर दोन तासांनी मी वर चढून बघतो, पण सुगीत मी एकटा आहे. काही झालं तर त्याची जबाबदारी—” तो थांबला.

“तारीख राहिली.”

“दोन सप्टेंबर.”

“आग कधी लागली?”

“तेराला,” होल्म म्हणाला.

सैपाकघरातला नळ बंद झालेला होता. खिडकीत तीन बायका उभ्या होत्या, हात ओले. त्यांतली सून म्हणाली, “बाबा, हे काय आहे?” तो खाली बसला, आणि एकदम फार म्हातारा दिसू लागला. आयरीनने त्याच्याकडे मनसोक्त बघून घेतलं. तिला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

पॅरास्काने मूळ कागद त्याच्या हातातून घेऊन पर्समध्ये ठेवले आणि झेरॉक्स सुनेच्या हातात दिल्या. “हे तुम्हाला. घरातल्या पोरांनाही दाखवा.”

दाराशी छोट्या टेबलावर पाहुण्यांची वही उघडी होती. पानभर सह्या, समोर शुभेच्छा. शेवटची एक ओळ रिकामी होती. पॅरास्काने पेन उचललं आणि सावकाश लिहिलं : नेस्टर प्रोकोप, बेल्टन. शुभेच्छांच्या रकान्यात लिहिलं : कोठाराचे एजंट, १९५१ ते १९७४.

शाई ओली होती. उघड्या दारातून सरोवरावरचा वारा आत येत होता आणि पान उडू पाहत होतं. तिने त्याच्या कडेवर तळहात ठेवला आणि अक्षरं वाळेपर्यंत तशीच उभी राहिली.