दाबून धरलेली कळ

इंटरनेटवरून बोलायची सोय तेव्हा नवी होती. बोलताना कळ दाबून धरायची, ऐकताना सोडायची, असं सायबर कॅफेवाल्याने बाईंना पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाईंच्या डोक्यात मात्र एवढंच राहिलं, की कळ सोडली की फोन तुटतो.

दर रविवारी परदेशातल्या लेकीची "आई" अशी हाक आली, की त्या कळ दाबायच्या, ते थेट वेळ संपेपर्यंत सोडायच्याच नाहीत. गुडघेदुखी, शेजारणीचा तोरा, गळका नळ, सगळं सांगून व्हायचं. पलीकडे चिडीचूप. एका रविवारी त्या वैतागल्याच. "तोंडात मिठाची गुळणी धरलीस का गं? सुख बोचतंय वाटतं."

त्याच आठवड्यात लेकीने जीव दिला. तिच्या मैत्रिणीचा घरी फोन आला. "काकू, नवरा मारतो म्हणून ती दर रविवारी तुम्हाला रडून सांगायची. तुम्ही म्हणे नळाचंच बोलत राहायचात."

बाई तडक कॅफेत आल्या. "पोरीने कधी चकार शब्द काढला नाही. तुमच्या यंत्रातच खोट आहे."

कॅफेवाल्याने त्यांना हेडफोन लावून बसवलं आणि स्वतः काचेपलीकडच्या खोलीतून फोन जोडला. बाईंनी सवयीने कळ दाबली. त्याचे ओठ हलताना दिसत होते, पण कानात काहीच येत नव्हतं. त्याने बोट उचलायची खूण केली. त्यांनी उचललं.

"काकू, आता येतंय ना ऐकू?"

बाईंनी बोट पुन्हा कळीवर ठेवलं आणि घट्ट दाबून धरलं.