मागून येणारी गुणगुण

ठकीची किल्ली आपल्या हातात यावी असं तिला लग्न झाल्यापासून वाटत होतं. ती आली तेव्हा मात्र तिला नकोशी झाली.

ठकी म्हणजे तिच्या नवऱ्याची मोटार. नवरा कारखान्यात टर्नर होता, लेथवर लोखंड कातायचा. लग्नाआधीच त्याने ही गाडी तुकड्यातुकड्यांनी जमवली होती. सांगाडा एका मोडीत निघालेल्या मोटारीचा, इंजिन दुसरीचं, मागचा अ‍ॅक्सल बर्फ पोचवणाऱ्या गाडीचा, आणि जे कुठेच मिळालं नाही ते त्याने स्वतःच्या हाताने कातून बनवलेलं. बसकी, रुंद आणि गालफुगी दिसायची, म्हणून ठकी.

ती स्वतः बस चालवायची. लांबलचक बस आरशात बघून एका दमात डेपोत मागे घेणारी बाई, पण ठकीला हात लावायची सोय नव्हती. मागितली की तो हसून म्हणायचा, हिचा क्लच खट्याळ आहे, माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तिने मागणं सोडून दिलं. वाटणं काही सुटलं नाही.

मग तिची नोकरी संपली आणि त्याच सुमारास त्याचे डोळे गेले. एकदम नाही गेले. मधलं दिसेनासं झालं, कडेकडेचं उरलं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी यापुढे गाडी चालवायची नाही असं सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्याने किल्ली तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली आणि तो हात धुवायला आत निघून गेला.

तेव्हापासून ती त्याला ठकीतून फिरवून आणायची. ड्रायव्हरच्या सीटला त्याच्या बसण्याचा खळगा पडलेला होता, त्यात तिला नीट बसता यायचं नाही. दुसऱ्याच्या चपला घालून चालल्यासारखं वाटायचं. आणि भाजीतल्या मिठापासून तिच्या बसच्या ब्रेकपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत असलेला माणूस शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसायचा. ते गप्प बसणं तिला खायला उठायचं.

एका दुपारी नदीकाठच्या रस्त्याने जाताना तो म्हणाला, "मागून काहीतरी गुणगुणतंय."

तिला काही ऐकू येईना. अखेर माझ्या चालवण्यात खोट काढलीच, असं तिच्या मनात आलं आणि खरं सांगायचं तर तिला जरा बरंच वाटलं. एवढी वर्षं बस चालवली, एक बस कधी गुणगुणली नाही, असं तिने फटकन ऐकवलं. त्याने ते मनावर घेतलं नाही. त्याने तिला आधी वेग वाढवायला सांगितला, मग उतारावर पाय उचलायला. पाय उचलला तसं तिलाही ऐकू आलं. नाकातून काढल्यासारखा बारीक सूर होता, वेगाबरोबर चढणारा आणि उतरणारा.

"चालवत असतो तर मला हे कधी कळलं नसतं," तो म्हणाला. "नुसतं बसून राहिलं की कळतं."

त्याच्या मते मागच्या अ‍ॅक्सलमधलं तेल कमी झालं होतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचा पोकळ गोळा असतो, त्यात दातेरी चाकं तेलात बुडून फिरतात. तेल आटलं की ती आधी गुणगुणतात, मग किंचाळतात, मग त्यांचे दात तुटतात. ती म्हणाली, गॅरेजला टाकू. तो म्हणाला, गॅरेजवाले तेल भरायचा प्लग मागच्या अंगाला शोधत बसतील, या अ‍ॅक्सलला तो पुढच्या अंगाला आहे. हे तिलाही पटलं. घरी पोचतात तोच लेकीचा फोन आला. सगळं ऐकून घेऊन लेकीने बजावलं की बाबांना गाडीखाली जाऊ देऊ नकोस. ती "बरं, बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि जुनी चटई शोधायला गेली.

गाडी सपाट उभी राहावी म्हणून त्यांनी चारही बाजूंनी जॅक लावून ती स्टँडवर घेतली. त्याने एकेक स्टँड तळव्याने चाचपला, खांदा लावून गाडी ढकलून पाहिली. तिने ते बघितलेलं त्याला कुठूनसं कळलं. म्हणाला, दिसत होतं तेव्हाही मी हेच करायचो.

मग दोघं चटईवर शेजारी शेजारी उताणी होऊन आत सरकली. इतकं जवळ, एकाच गोष्टीकडे बघत आपण शेवटचं कधी पडलो होतो, ते तिला आठवेना.

त्याचा हात थेट गोळ्यावर गेला. त्याने सांगितलं, आधी भरायचा प्लग सोडायचा. खालचं तेल सांडून बसलं आणि वरचा प्लग निघालाच नाही, तर गाडी जागची हलायची नाही. प्लग काही केल्या सुटेना. तिने पाना त्याच्या हातातून काढून घेतला, पाय चाकाला टेकवले आणि जोर लावला. बसचं स्टिअरिंग फिरवून घट्ट झालेली मनगटं होती ती. प्लग करकरला आणि फिरला. तो "हं" म्हणाला. त्याच्याकडून ही भरपूर स्तुती होती.

त्याने करंगळी भोकात घातली. ती मुळापर्यंत आत गेली आणि कोरडी बाहेर आली. त्याने ती अंगठ्यावर घासून पाहिली. मग म्हणाला, "तुझं बोट दे."

त्याने तिचं बोट धरून भोकाच्या कडेवर ठेवलं. "तेल इथपर्यंत हवं. बोट घातल्या घातल्या ओलं झालं पाहिजे. पुढच्या वेळी मी नसलो तरी तुला कळलं पाहिजे."

"नसायला कुठे निघालात?"

तो हसला. मग त्याने खालचा प्लग सोडला. उरलंसुरलं काळं तेल खाली ठेवलेल्या टबात पडायला लागलं आणि गंधकासारखा उग्र वास पसरला. तेल गळत होतं तोवर करण्यासारखं काही नव्हतं. तो वर बघत म्हणाला, "मला चालवण्याचं एवढं काही वाटत नाही गं. एकट्याने निघणं गेलं, त्याचं वाटतं. कुठे चाललास, कधी येशील, असं कुणी विचारलं नाही म्हणजे कसं मोकळं वाटायचं."

ती टबाकडे बघत राहिली. "मला किल्ली त्यासाठीच हवी होती," ती म्हणाली. "आयुष्यभर ठरलेल्या रस्त्याने गेले. ठरलेले थांबे, मागे पन्नास माणसं. एकदा तरी थांबे नसलेल्या रस्त्याने जायचं होतं."

"मग मागितली का नाहीस?"

"मागितली होती की. दर वेळी तुम्ही हसलात."

"मला वाटलं थट्टा करतेस. दिवसभर बस हाकून आलेल्या बाईला आणखी गाडी चालवावीशी वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तेल थेंबांवर आलं होतं. त्याने अ‍ॅक्सलच्या वरच्या अंगाला हात फिरवला आणि हवा जायची बारीक नळी चिखलाने बुजलेली त्याला सापडली. आतली हवा तापून कोंडत होती आणि तेलाला चाकांजवळच्या रबरी सीलमधून बाहेर ढकलत होती. तिने तारेने नळी मोकळी केली, खालचा प्लग पुसून घट्ट बसवला. मग नव्या तेलाचा डबा वर डिकीच्या काठावर ठेवला आणि त्याची रबरी नळी भोकात सोडली. तेल मधासारखं घट्ट, त्याला कसली घाई नव्हती. दोघं वाट बघत पडून राहिली. तो बोट कडेवर ठेवून होता. तिला काही दिसायच्या आत तो म्हणाला, "आलं."

जास्तीचं तेल गळून जाऊ दिल्यावर तिने प्लग लावला. पाना शेवटी त्याने एकदा फिरवून पाहिला.

संध्याकाळी ते पुन्हा नदीकाठच्या रस्त्याला लागले. गुणगुण पुष्कळ कमी झाली होती, पण पुरती गेली नव्हती. तो म्हणाला, दात थोडे झिजलेत, एवढी राहणार. मग काठावरच्या बाकापाशी त्याने गाडी थांबवायला सांगितली आणि उतरून दार लावलं.

"तू जाऊन ये," खिडकीत वाकून तो म्हणाला. "मी बसतो इथे."

तिने नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तो बाकाची पाठ चाचपत बसलाही होता, चेहरा पाण्याकडे करून.

ती गेली. पूल ओलांडला, शेवटची घरं मागे पडली, पुढे दोन्हीकडे नुसतं गवत. थांबा नाही, घंटा नाही, आरशात कुणी उभं नाही. क्लच जराही खट्याळ नव्हता. काचा खाली करून ती बरीच पुढे गेली, तिने ठरवलं होतं त्याच्याही पुढे. छान वाटत होतं. हे आपल्याला हवं होतं आणि ते असंच असेल असं आपल्याला माहीत होतं, हेही तिला कळत होतं.

मग तिला एक पहाट आठवली. ती पहिली फेरी घेऊन सिग्नलला उभी होती, बस अजून रिकामीच. शेजारून ठकी आली. तो कुठून तरी भटकून परत येत होता, कोपर खिडकीबाहेर, केस विस्कटलेले. त्याने वर पाहिलं, बसमध्ये आपली बायको आहे हे त्याला दिसलं, आणि तो असा हसला की सिग्नल सुटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. तो तिचा चेहरा बघत होता. पूर्ण, मधोमध.

तिने गाडी गवताच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. हातांना तेलाचा वास येत होता. डोळे पुसले तर तोच वास तोंडाला लागला.

ती परतली तेव्हा अंधार पडायला आला होता. तो बाकावर एका मासे धरणाऱ्या माणसाला लेथवर आटे कसे कापतात ते समजावत होता. तो माणूस गळ गुंडाळून निघायच्या बेतात होता, पण ऐकून घेत होता. तिने हाक मारायच्या आधीच तो उठला आणि गाडीच्या आवाजाच्या रोखाने चालत आला. दोन पावलं चुकली, तशी ती उतरली आणि तिने त्याचा हात धरला.

"बराच वेळ लागला का?" तिने विचारलं.

"मला वाटलं होतं, आणखी लावशील," तो म्हणाला.

त्याने तिचा चेहरा बघण्यासाठी मान थोडी वाकडी केली, अलीकडे करायचा तशी, म्हणजे ती त्याला कडेने तरी दिसावी. ती हलली नाही. मासे धरणारा माणूस निघून गेला तरी ती तशीच उभी राहिली, त्याचं बघून होईपर्यंत.