रानातला मुका चौकोन

मी जनकाबाई. जन्म मेंढरांमागं गेला आन् तोंड माझं फाटकं, हे साऱ्या हट्टा गावाला ठाऊक हाय. पन त्या दिशी शिवहारच्या रानात माझी दातखीळ बसली, ते सांगते.

सोयाबीन निघालं की आमी शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतो. सांजच्याला जाळीची चौकोनी वाघर ठोकायची, आत मेंढरं कोंडायची, दुसऱ्या दिशी वाघर पुढं सरकवायची. लेंड्यांचं खत रानाला, बदल्यात ज्वारी आमाला. शिवहारनं हळदीसाठी राखलेला तुकडा दिला. तिथं दहा मुक्काम केले, दहा चौकोन पडले, आन् आमी जवळा बाजार गावाकडं निघून गेलो.

दीड महिन्यानं परत आले तर शिवहार बांधावर उभा. "मावशी, बघा जरा."

बघते तर काय! पहिल्या मुक्कामाच्या लेंड्या पडल्या तशाच. एरवी शेणकिडे चार दिसांत सारं मातीत ओढून नेतात. इथं एका लेंडीला भोक न्हाई, माशी न्हाई, मुंगी न्हाई. एक उचलून हुंगली, वास बी न्हाई. शेजारी नांगरामागं बगळे चालून राहिले होते, ते या बांधापस्तोर यायचे आन् मागं फिरायचे. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"निलमची करणी हाय ही," शिवहार म्हणला.

निलम त्याची धाकटी भावजय. नवरा वारलेला, तिचं रान पलीकडं आन् वाट याच तुकड्यातून. "महिना झाला, गावात कुनी तिच्याशी बोलत न्हाई. उद्या सकाळी देवऋषी येऊन राहिला. पारावर बसवून चाबकानं कबूल करून घेतो म्हणला."

"आरं मेल्या, पोरीचा जीव घेशील की!" मी वरडले. पन खरं सांगू का, मला बी भ्याव वाटून राहिलं होतं. असलं रान मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या तुकड्यात ऐश्वर्या नावाची पोरगी बसली होती. मातीचा अभ्यास करती, आठ दिस झाले गावात हाय. मातीत लोखंडी सळई रोवायची, तिला वायर, आन् कानाला हेडफोन.

मी म्हणलं, "काहून गं, माती काय सासूच्या चुगल्या सांगती का?"

ती हसली न्हाई. "आजी, जिवंत मातीला आवाज असतो. गांडुळं, किडे सारखे हलत असतात. हल्ली जगात बऱ्याच ठिकाणी शास्त्रज्ञ असं ऐकून माती किती जिवंत आहे ते बघतात. तुम्हीच ऐका."

बांधाबाहेर तिनं ते माझ्या कानाला लावलं. आगं बया! पायाखाली कुरकुर, चटचट, कुनी पापड मोडून राहिल्यावानी. जल्मभर मी यावर चालले आन् मला पत्ता न्हाई!

मग तिनं सळई पहिल्या चौकोनात रोवली. कायच न्हाई. फक्त माझ्याच छातीचे ठोके. वाघरीच्या खुट्यांची भोकं अजून दिसत होती. भोकांच्या रेघंबाहेर वीतभर सळई रोवली की कुरकुर, आत रोवली की बंद. पाच येळा करून बघितलं. पाची येळा तसंच.

दुसरा चौकोन मुका. तिसरा बी. पाचव्यात एखादं चट. आठव्यात जरा कुरकुर, दहाव्यात बांधाबाहेर होता जवळपास तसा आवाज.

"आजी, इथं बसवायच्या आधी मेंढ्यांना काही औषध दिलं होतं?"

तिथं दातखीळ बसली. जंताचं औषध मीच पाजलं होतं, आदल्या दिशी. जनावरांचा डॉक्टर म्हणला होता, औषध दिलं की दहा-बारा दिस पडीक माळावर ठेवा. पन माझ्या आधी दुसऱ्याचा कळप शिवहारच्या रानात बसंल म्हणून मी घाई केली. वरून मेंढरं तरतरीत दिसावी म्हणून अंदाजानं दुप्पट पाजलं.

"ते लेंडीतून बाहेर पडतं," ऐश्वर्या हळूच म्हणली. "ती खाऊन किडे मरतात. बाकीचं मला अजून तपासायचंय, पण दिवस जुळतात. औषध रोज थोडं उतरत गेलं, तसा चौकोनागणिक आवाज वाढत गेला."

बोलले तर हट्ट्यापासून जवळ्यापस्तोर कुनी माझी मेंढरं बसवनार न्हाई. न्हाई बोलले तर उद्या निलम. लाज वाटती सांगायला, पन घटकाभर मी गप बसले.

मग उठले आन् शिवहारला सारं सांगितलं.

त्यानं माझ्याकडं कीव केल्यावानी बघितलं. "मावशी, तिनं तुमच्यावर बी करणी केली, म्हणून असं बोलून राहिल्या."

आता मी काय बी बोलले तरी ते निलमच्याच नावावर जानार. मी त्याचं मनगट धरलं, हेडफोन कानावर दाबले आन् दहाव्या चौकोनापासून त्याला उलटं चालवलं. आठवा, पाचवा, तिसरा. पहिल्यात आला तवा त्यानं सवताच भोकांच्या रेघंआत आन् रेघंबाहेर सळई रोवून बघितली. हेडफोन काढून तो खाली बसला.

म्हणला, "वाघर गुंडाळलेलीच ठेवा मावशी. या शिवारात परत लावू नका."

"न्हाई लावत. देवऋषीला आत्ता फोन कर. माझ्यासमोर कर."

त्यानं केला.

निलम डोक्यावर कडबा घेऊन वाटंवर उभी होती. किती येळची, देव जाने. तिनं पेंढी उतरवली. शिवहारकडं बघितलं न्हाई, माझ्याकडं बी न्हाई. हेडफोन कानाला लावले आन् पहिल्या चौकोनात मांडी घालून बसली, डोळे मिटून. लई येळ उठंनाच.

मला राहवंना. "काय ऐकून राहिली गं लेकरा?"

"कायच न्हाई, मावशी. महिना झाला, गावातून चालले की मला असंच ऐकू येतं."