लव नसलेला तेरडा

डॉ. शेखर आहेर जिना चढून गच्चीवर आले तेव्हा उज्वलाने त्यांना पाणी दिलं. चहा विचारला नाही. एके काळी याच सरांच्या केबिनबाहेर ती एका सहीसाठी ताटकळत उभी राहायची. आज ते धापा टाकत तिच्या दारात आले होते, आणि तिला त्याचं फार बरं वाटत होतं.

भांडण कुंड्यांतल्या तेरड्यावरून होतं.

सुरगाण्याच्या रानात, एका ओल्या घळीत हा तेरडा पहिल्यांदा उज्वलाला दिसला होता. पाय घसरून गुडघा फुटला, आणि सावरत वर बघते तर कपारीत गुलाबी फुलं आणि देठांवर दाट पांढरी लव. अशी लव असलेला तेरडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. म्हणजे नवी जात. तिने नमुने दाबून, वाळवून सरांच्या टेबलावर ठेवले. सर "बघू" म्हणाले आणि परस्पर शोधनिबंध छापून मोकळे झाले. झाडाला नाव दिलं स्वतःच्या वडिलांचं, इम्पेशन्स भिमाजियाना, आणि शास्त्राच्या रिवाजाप्रमाणे त्यामागे नाव देणाऱ्याचं आडनाव लागलं, आहेर. उज्वला गांगुर्डे आभारातसुद्धा नव्हती. पीएचडीवर सरांची सही व्हायची होती, म्हणून ती मूग गिळून बसली. सर नाशिकभर सत्कार घेत फिरले.

पुढे सही झाली, नोकरी लागली, तरी ते झाड तिच्या डोळ्यांत खुपायचं थांबलं नाही. शेवटी तिने घळीतून बी आणून गच्चीत पेरलं. या झाडाचा असा अभ्यास करायचा, की ते खरं कुणाचं हे जगाला कळावं, एवढंच तिच्या मनात होतं. रोपं वाढली. सावलीत, ओलाव्यात ठेवलेल्यांच्या देठांवर लव आली. उन्हातल्यांवर आलीच नाही. ती रोपं सरळ डोंगरावरचा नेहमीचा तेरडा होऊन फुलली. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. नवी जात वगैरे काही नव्हतीच, सगळी सावलीची करामत होती. त्या दिवशी ती कुंड्यांपुढे बसून रडली. मग तोंड धुऊन निबंध लिहायला बसली, आणि तयार झाल्यावर त्याची एक प्रत सरांना धाडली. शिष्टाचार म्हणून, असं तिने पत्रात लिहिलं होतं. खरं तर त्यांना मिरच्या झोंबाव्यात म्हणून.

सर वाकून उन्हातले देठ बोटांनी चाचपत राहिले. लव सापडेना.

"हे छापू नकोस," ते म्हणाले.

"पुढच्या अंकात येतंय, सर."

"माझ्या वडिलांचं नाव आहे त्याला."

"माझ्या वडिलांनाही मी सांगितलं होतं, झाड सापडलं म्हणून. छापून आलं का, असं ते मरेपर्यंत विचारत होते."

सर कोरडं हसले. "सही झाल्यावर मला चोर म्हणत गावभर फिरलीस. कळतं मला सगळं. आता तूच म्हणतेस, झाड नवं नाही. मग मी तुझं चोरलं काय?"

 उज्वलाने इतकी वर्षं जपलेला राग या माणसाने एका प्रश्नात पोकळ करून टाकला होता. तिने लव आलेल्या रोपाची कुंडी उचलून सरांपुढे ठेवली.

"माझी चूक चोरलीत," ती म्हणाली. "नाव रद्द झालं तरी ते पुसलं जात नाही, हे तुम्हीच शिकवलंत. यापुढे या तेरड्यावर जो कोणी लिहील, तो खऱ्या नावाखाली हे चुकीचं नाव नोंदवणार, आणि त्यामागे आहेर. कायमचं. तिथे शेजारी गांगुर्डेही असतं, सर. तुम्हीच ते वगळलंत."

सरांनी हातातला देठ सोडला आणि ते जिन्याकडे वळले. उज्वलाला आनंद झाला, आणि झाला याची तिला जराही लाज वाटली नाही.